दोन खाली, एक उजवीकडे, अकरा खाली

जावई म्हणजे दशमग्रह, असं म्हणायची पद्धत आहे. या घरातला जावईही सासूच्या राशीला लागला होता खरा, पण प्रेमाने. आणि प्रेमाने लागलेला ग्रह जास्त अवघड, कारण त्याला धड शिव्याही देता येत नाहीत.

त्याचा धंदाच तुलना करण्याचा. संगीत करणाऱ्यांसाठी निघणाऱ्या एका मासिकात तो वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांची परीक्षा घ्यायचा, त्यांना गुण द्यायचा आणि कुणाचं कुठे चुकलं ते चार पानं भरून लिहायचा. त्यामुळे सासरी त्याचं नाव पडलं तपासनीस. साधा झाडू घ्यायचा तरी हा गृहस्थ आठवडाभर चार दुकानांतले चार झाडू मनातल्या मनात तोलत बसायचा, आणि तोवर बायको जुन्याच झाडूने घर झाडून मोकळी व्हायची.

सासूबाई एकट्या राहायच्या, दोन जिने चढून वर, दोन खोल्यांत. पुढच्या खोलीत बसणं-झोपणं, मागच्या खोलीत काम. काम म्हणजे रेडिओवरची मुलांची मालिका. एक खार आणि एक कासव, दर रविवारी सकाळी. गेली बावीस वर्षं त्या मालिकेचं संगीत आणि त्यातले झाडून सगळे आवाज सासूबाई एकहाती करत होत्या. दारं, बादल्या, पावलं, पाऊस, कुणाचं घोरणं, जे कानाला भावेल ते त्यांनी स्वतः जाऊन टिपलं होतं आणि कॉम्प्युटरमध्ये साठवलं होतं. असे अकरा हजार आवाज. त्यातले रोज लागणारे चारशे, एकोणीस फोल्डरांत. आवाजांची नावं तरी काय, ‘मावशीचा दरवाजा’, ‘रुसलेली बादली’, ‘अर्धवट पाऊस’, ‘टेकडीवरचं गप्प’. तपासनिसाला ही नावं वाचली की डोकं धरून बसावंसं वाटायचं.

सत्तरीच्या वाढदिवसाला लेक-जावयाने त्यांना नवा कॉम्प्युटर आणला. जुना पार धापा टाकत होता. पण इथेच घोडं पेंड खात होतं: ज्या सॉफ्टवेअरवर सासूबाईंनी वीस वर्षं काढली होती, ते नव्या कॉम्प्युटरवर चालेना. म्हणजे आता नवं सॉफ्टवेअर निवडणं आलं. तपासनिसाला तर चरायला कुरणच मिळालं. त्याने तीन सॉफ्टवेअरं आणून बसवली आणि रोज दुपारी येऊन परीक्षा सुरू केली.

परीक्षा होती ती ब्राउझरची. अशा प्रत्येक सॉफ्टवेअरला डावीकडे एक कप्पा असतो, त्याचं नाव ब्राउझर. साठवलेले आवाज तिथे एकाखाली एक लागलेले असतात. प्लगइन, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात घालून ठेवलेली वाद्यं आणि आवाज घुमवणारी, दाबणारी यंत्रं, तीही तिथूनच उचलायची. हवी ती वस्तू झटकन हाती आली तर ठीक, नाहीतर डोक्यात आलेली चाल शोधाशोधीत विरून जाते. तपासनिसाचं म्हणणं असं की बाकीचे गुण गेले उडत, सॉफ्टवेअर पारखावं ते ब्राउझरवरून.

तो चालवायचा आणि मोठमोठ्याने वर्णन करायचा. सासूबाई चहाचा कप दोन्ही हातांत धरून शेजारी ऐकत बसायच्या. पहिल्यात प्रत्येक आवाजाला रंगीत पट्टी, लाटेचं छोटं चित्र, आवडत्याला चांदणी. सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं नवरी. दुसऱ्यात नुसता शोधायचा चौकोन. दोन अक्षरं लिहिली की ते विचारणार, लांब हवा की तोकडा, कोरडा हवा की घुमणारा. तो वकील. तिसऱ्यात काहीच नाही. फोल्डरात फोल्डर, खालीवर करायचे बाण, सांगितलं तेवढं उचलून द्यायचं. तो झाला हमाल. तपासनीस म्हणायचा, आई, जरा हात लावून तरी बघा. त्या म्हणायच्या, तू चालव, मी ऐकते. त्याला वाटायचं, केवढा विश्वास आहे आपल्यावर. माणूस हुशार असला की त्याला स्वतःबद्दलचं काहीही पटकन खरं वाटतं.

निकाल लागला. हवा तो आवाज नवरीत चार सेकंदांत सापडला, वकिलात सहा, हमालात एकवीस. सासूबाईंच्या कॉम्प्युटरवर नवरी नांदायला आली. आणि मग तपासनिसाच्या डोक्यात किडा वळवळला. एवढा सुरेख ब्राउझर आणि त्यात ‘रुसलेली बादली’? रोजचे ते चारशे आवाज त्याने आपल्या घरी आणले आणि आठ दिवस मान मोडून आवरले. फोल्डर एकोणीसच ठेवले, पण आतल्या प्रत्येक आवाजाला शहाणं नाव दिलं: ‘दरवाजा-लाकडी-बंद-०१’, ‘बादली-पत्रा-आपट-०३’. प्रत्येकाला रंगाची पट्टी लावली. बायकोला दाखवलं, तीही खूश झाली. सासूबाईंना मात्र सांगितलं नाही, कारण त्यांना चकित करायचं होतं. गुपचूप नेऊन भरून ठेवलं आणि घरी येऊन तो लेख लिहायला बसला.

पुढच्या मंगळवारी दुपारी लेखाचा कागद घेऊन तो जिने चढला. दार नुसतं लोटलेलं होतं. सासूबाई मागच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर, कॉम्प्युटर चालू. त्याच्याकडे मान न वळवताच त्या म्हणाल्या, बरं झालं आलास, चहा तुझा तूच कर. आणि मग सांगितलं, की सकाळीच त्यांनी रेडिओवालीला फोन केला होता. मालिका करणारी बाई ती, बावीस वर्षांची ओळख. तिला सांगितलं, की शुक्रवारी द्यायचा भाग काही होत नाही, आणि पुढचेही नाही, दुसरं कुणी बघा.

तपासनिसाने कारण विचारलं.

“माझं डोकं चालेनासं झालंय रे,” त्या म्हणाल्या. “घंटा घ्यायला जाते आणि कुत्रं भुंकतं. चार दिवस झाले. वीस वर्षं जे जिथे होतं ते मला तिथे आठवत नाही.”

तो आधी हसला, देव त्याला क्षमा करो. म्हणाला, दाखवा बरं मला. सासूबाईंनी बोटं बाणांच्या बटणांवर ठेवली. तोंडातल्या तोंडात त्या पुटपुटत होत्या: दोन खाली, एक उजवीकडे, अकरा खाली. कुत्रं भुंकलं. त्यांनी परत वर जाऊन पहिल्यापासून मोजलं. परत कुत्रं. या सगळ्यात त्यांनी पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्या समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि नवरीच्या सगळ्या रंगीत पट्ट्या, चांदण्या, लाटांची चित्रं कुणासाठी होती, ते कुणास ठाऊक.

“आई, तिथे काय लिहिलंय?” त्याने हळूच विचारलं.

“विचारू नकोस.”

पण विचारून झालं होतं. मग त्यांनी सांगितलं. दीड वर्षं झालं होतं. बघावं तिथे मधोमध डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, कडेचं मात्र राहील. त्यामुळे घरात हिंडाफिरायला अडत नव्हतं, चहाचा कप, जिन्याचा कठडा, सगळं हाताला ठाऊक होतं. “आता तू समोर आहेस ना, तर तुझे दोन्ही कान मला दिसतायत,” त्या म्हणाल्या. “नाक नाही दिसत. तसं नसलेलंच बरं आहे ते.” अशा वेळीही त्यांना टोमणा सुचत होता. आणि काम? चारशे आवाज, एकोणीस फोल्डर, प्रत्येकात वीस-बावीस. कोण कितव्या पायरीवर बसलंय हे त्यांनी डोळे जाता जाता पाठ करून घेतलं होतं. दीड वर्षं मालिका अशी नुसती मोजून मोजून केली होती आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. ठकूला तर मुळीच नाही. ठकू म्हणजे त्यांची लेक, तपासनिसाची बायको.

“डोळे गेले तर कान आहेत असं म्हणत होते मी,” सासूबाई म्हणाल्या. “पण आठवणच गेली तर मग काय उरलं?”

तपासनिसाला आता खाली बघवेना आणि वरही बघवेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आठ दिवस मान मोडून त्याने काय केलं होतं, तर आंधळ्या माणसाच्या जिन्याच्या पायऱ्या उचलून इकडच्या तिकडे लावल्या होत्या, आणि वर गुण घ्यायला कागद घेऊन आला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने सगळं सांगून टाकलं: नावं बदलली, नावं बदलली म्हणून क्रम बदलला, अकरावी घंटा आता सतरावी आहे, चूक माझी आहे, तुमची नाही.

सासूबाईंनी विचारलं, “म्हणजे माझं डोकं ठीक आहे?”

“माझ्यापेक्षा ठीक आहे, आई.”

त्या रडायला लागल्या आणि रडता रडताच हसायलाही लागल्या. हाताला लागला तो लेखाचा कागद घेऊन त्यांनी जावयाच्या दंडावर चार फटके मारले. म्हणाल्या, जावईबापू, चार दिवस मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते, आणि तुम्ही आवरत होतात? त्याने मुकाट मार खाल्ला. त्याला तो हवाच होता.

मूळ आवाज जुन्या डिस्कवर जसेच्या तसे होते, कारण नक्कल ठेवल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, एवढं शहाणपण त्याच्याकडे शिल्लक होतं. संध्याकाळच्या आत रुसलेली बादली आपल्या जागी येऊन बसली. जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत दुसरंच निघालं. नवरी काल वापरलेले आवाज आपणहून उचलून सगळ्यात वर ठेवायची. तीन वापरले की सगळी मोजणी तिनाने चुकायची. शिवाय एक आवाज घेतला की ती परत पहिल्या ओळीवर उडी मारायची, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून मोजा.

मग बुधवारी तपासनिसाने परीक्षा नव्याने घेतली. आपल्याच मफलरने आपले डोळे बांधले आणि तो खुर्चीवर बसला. नवरी बाद झालीच होती. वकिलाकडे तेच शब्द दोनदा लिहिले तर उत्तरं दोनदा वेगळ्या क्रमाने यायची. तुम्हाला आज काय हवं असेल याचा तो स्वतःच अंदाज बांधायचा. राहिला हमाल. हमाल काही अंदाज बांधत नव्हता. जिथे सोडलं तिथेच उभा राहत होता. बाण दाबला की आवाज लगेच वाजायचा, तोही चालू असलेल्या गाण्याच्या लयीत, आणि पटला की एका बटणात जागेवर जाऊन पडायचा. प्लगइनचंही तसंच. नवरीने ती बनवणाऱ्यांच्या नावाने लावली होती, वकिलाने प्रकाराने, पण हमालात स्वतःचं फोल्डर करता येत होतं. सासूबाईंना लागायची एकूण नऊ. पहिला पियानो, दुसरी बासरी, असं करत नववं ते खोलीचा घुमारा देणारं. त्या सांगत गेल्या, तो लावत गेला. ज्या हमालात तपासनिसाला एकवीस सेकंद लागले होते, तिथे सासूबाईंना घंटा अडीच सेकंदांत सापडली. त्याने घड्याळ तीनदा लावून बघितलं.

रेडिओवालीला त्यांनी परत फोन केला. ती म्हणाली, मला वाटलं तुम्ही रागावलात, म्हणून मी अजून कुणाला बोललेच नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत द्या. फोन ठेवल्यावर सासूबाईंनी जावयाला बजावलं, की ठकूला यातलं काही कळता कामा नये. ठकू फिजिओथेरपिस्ट होती. पडलेली, मोडलेली म्हातारी माणसं दिवसभर तिच्या हातांखालून जायची. तिला कळलं की ती मला उचलून तुमच्याकडे नेणार आणि सोफ्यावर ठेवणार, सासूबाई म्हणाल्या, आणि मग मी ऐकायची काय, तर तुमचा टीव्ही. तपासनीस म्हणाला, मी आपणहून सांगणार नाही, पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. यावर त्यांनी त्याला वकील म्हटलं.

गुरुवारी दुपारी ठकूचे दोन पेशंट आले नाहीत, आणि ती सरळ आईकडे आली. मागच्या खोलीच्या दारात येऊन बघते तो काय: कॉम्प्युटरचा पडदा बंद, नवरा डोळ्यांना मफलर बांधून कीबोर्डवर बसलेला, आणि आई शेजारी बसून त्याला सांगतेय, अरे सात नाही, आठ, कान आहेत की भोकं. ठकूने विचारलं, हा काय खेळ चाललाय. तपासनिसाने मफलर काढला आणि तो बायकोकडे नुसता बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. पण सांगितलं ते सासूबाईंनीच, फिरवाफिरव न करता, दीड वर्षं आणि डॉक्टर आणि मोजणी, सगळं.

ठकूने अगोदर नवऱ्याला झापलं, मग आईला. गॅस कसा पेटवतेस, जिना कसा उतरतेस, मला दीड वर्षं फसवलंस, मी काय परकी आहे? एका पाठोपाठ एक ती पडलेल्या माणसांची उदाहरणं देत सुटली: न्हाणीघरात पडलेले, उंबऱ्याला अडखळलेले, मांडीचं हाड, खुब्याचं हाड. शेवटी म्हणाली, बॅग भर, तू आजच आमच्याकडे येतेस. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. उद्याचा भाग द्यायचाय एवढंच म्हणाल्या. उद्यानंतर काय, असं ठकूने विचारलं. त्या म्हणाल्या, शुक्रवारनंतर पुढचा शुक्रवार असतो.

ठकू स्टुलावर मटकन बसली आणि तोंड झाकून रडायला लागली. सासूबाईंनी हात पुढे केला, खांदा चाचपला, आणि लहानपणी करायच्या तसा हात डोक्यावरून मागे फिरवला. हात मानेपाशी येऊन थांबला. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी परत वरून फिरवला. कमरेपर्यंतचे केस होते लेकीचे; शाळेत असताना दोन वेण्या त्यांनीच घातल्या होत्या.

“केस कधी कापलेस?”

“आठ महिने झाले,” ठकू म्हणाली. “तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, तुला आवडले नाहीत.”

सासूबाईंचा हात तिच्या मानेवर तसाच राहिला. त्यांनी काम वाचवायला काय काय लपवलं होतं याचा हिशोब त्यांना आत्ता कळत होता. आठ महिने लेक नवे केस घेऊन दर रविवारी समोर बसली होती आणि आईच्या तोंडून एक शब्द यायची वाट बघत होती. चुकलं माझं, त्या म्हणाल्या, फार चुकलं. मग बोटांनी त्यांनी सगळे केस नीट बघितले, कानामागचे, कपाळावरचे, मानेवर वळलेले. घाई केली नाही.

“छान दिसतायत,” त्या म्हणाल्या. “तोंड नाही दिसत मला तुझं, ठकू. पण तू जिना चढायला लागलीस की पहिल्या वळणावरच मला कळतं तुझा दिवस कसा गेलाय. आज या आवाजांत जिना ऐकू आला नाही, पण खोलीत आलीस ती एक पाय ओढत. डावा गुडघा दुखतोय.”

ठकूने नवऱ्याकडे पाहिलं. गुडघ्याचं तिने त्यालाही सांगितलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे धरून बसणाऱ्या बाईने आपल्या गुडघ्याचं कुणाला सांगायचं?

मग ठकूने नाक पुसलं आणि विचारलं, उद्यासाठी काय राहिलंय. कासव नदीत पडतं तो प्रसंग राहिलाय, सासूबाई म्हणाल्या. ती म्हणाली, डॉक्टरांकडे यापुढे मी बरोबर येणार, आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घ्यायचा, यात वाद नको. सासूबाईंनी वाद घातला नाही. तपासनीस पडदा चालू करायला उठला तर ठकूने त्याला खाली बसवलं. तिने पर्स जमिनीवर ठेवली, स्टूल पुढे ओढलं आणि डोळे मिटले.

“कितवं?” तिने आईला विचारलं.

“पाणी ना? पाच खाली, एक उजवीकडे,” सासूबाई म्हणाल्या, आणि लेकीचं बोट धरून त्यांनी ते बाणावर ठेवलं.